गडगडाटाचा पत्रा

४ फेब्रुवारी

प्रकाशकबाईंनी आज माझ्या पुस्तकाचा नमुना हातात ठेवला. बाहेरून पुस्तक, आतून कोरं. मुखपृष्ठावर निळं आभाळ, त्यात दोन लहान हात, हातांवर ढग, आणि खाली माझं नाव चांगलं ठसठशीत. आत जाड, गुळगुळीत पानं, पण एकावरही अक्षर नाही. "हा नुसता बांधणीचा नमुना. खरी प्रत तीन आठवड्यांनी. तोवर हा कुरवाळत बसा," म्हणाल्या. मी घरी आणून खरंच कुरवाळला, वास घेतला, उशीखाली ठेवून पाहिला. मग वाटलं, एवढा चांगला कागद वाया कशाला घालवायचा? म्हणून ही दैनंदिनी. रोज लिहिणार नाही, ते मला जमणार नाही. पण बावीस वर्षं तोंडाला पांढरा रंग फासून, एक शब्दही न बोलता लोकांना हसवतोय. विदूषकाच्या पोटात किती शब्द साठत असतील याचा कोणी विचार करत नाही.

पुस्तक कसं झालं तेही लिहून ठेवतो. आमची भिंगरी आठ वर्षांची. नाव वेगळं आहे, पण एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून भिंगरी. पाचव्या वर्षी तिच्या उजव्या मनगटावर पहिला पांढरा डाग उमटला. मग दुसऱ्या हातावर, कोपरावर, एक हनुवटीखाली. डॉक्टर म्हणाले, दुखणार नाही, खुपणार नाही, कोणाला लागणारही नाही. कातडीतला रंग काही ठिकाणी कामावर येत नाही, एवढंच. मी तिला सांगितलं, ते ढग आहेत. वर आभाळात गर्दी झाली म्हणून तुझ्या हातावर उतरले. तिला ते एकदम पटलं. तेव्हापासून आम्ही ढगांना नावं देतो. मनगटावरचा ससा, कोपरावरची होडी.

तर पुस्तकात एक गल्ली आहे आणि गल्लीत कोणी कोणासारखं नाही. चाकांच्या खुर्चीतला पोस्टमन, हातांनी बोलणाऱ्या जुळ्या बहिणी, दोन आया असलेला एक मुलगा, तीन भाषांत भांडणारी आजी, आणि हातांवर ढग असलेली मुलगी. आधी सगळे तिच्याकडे टकामका बघतात, शेवटी तिला गल्लीची राणी करतात आणि टाळ्या वाजवतात. लिहिताना मी दोनदा रडलो.

भिंगरीची आई घड्याळं दुरुस्त करते. तिने डोळ्याचं भिंगही न काढता हस्तलिखित वाचलं. म्हणाली, "छान आहे. भिंगरीला विचारलंस?"

"अगं, तिला सरप्राइज आहे!"

"हं," म्हणाली आणि पुन्हा काट्यांत डोकं घातलं. तिच्या एका 'हं'मध्ये काय काय असतं ते मला लग्नाला अकरा वर्षं झाली तरी उलगडलेलं नाही.

९ फेब्रुवारी

दुपारच्या प्रयोगाला भिंगरी शाळेतून थेट थिएटरात आली. बुधवारी आणि शनिवारी येते. विंगेत, गडगडाटाच्या पत्र्याशेजारी तिचं स्टूल ठरलेलं. हा पत्रा म्हणजे आमच्या थिएटरातली सगळ्यात म्हातारी वस्तू. दारापेक्षा मोठा, वरून साखळीने टांगलेला, खाली लाकडी मूठ. मूठ धरून हलवला की आभाळ फाटल्यासारखा आवाज होतो आणि पहिल्या रांगेतली मुलं आयांच्या मांडीवर चढतात. आमच्या 'वादळ' या खेळात लंबूकडे आणि माझ्याकडे मिळून एकच छत्री असते, आणि पडदेवाले काका तो पत्रा हलवतात. लंबू म्हणजे माझा जोडीदार. बावीस वर्षं आम्ही एका आरशासमोर बसतोय, त्यामुळे त्याला स्वतःचा चेहरा अजून नीट दिसलेला नाही, माझाच दिसतो.

"बाबा, एकदा मी हलवू?"

"मोठी झालीस की."

"मोठी म्हणजे केवढी?"

"ती मूठ तुझ्या पोटाशी येईल एवढी."

ती जाऊन उभी राहून आली. "गळ्याशी येते," म्हणाली. तोंड एवढंसं झालं. चिवट पोर आहे, हा चौदावा अर्ज असेल. काकांनी तिला पत्र्याला तेलाचा हात द्यायला दिला, तेवढ्यावर खूश झाली. काळे-तांबडे हात घेऊन घरी आली आणि तिची आई माझ्यावर ओरडली.

१३ फेब्रुवारी

आज लवकर पोचलो. रंगपटात कोणी नव्हतं. आरशाभोवतीचे दिवे लावले, पावडरीचा डबा उघडला तर थोडी पावडर उडाली आणि दिव्यांच्या उजेडात खाली यायलाच तयार नाही. मी तोंडाला अर्धाच रंग लावून तिच्याकडे बघत बसलो. डोळ्यापुढे येत होतं की माझी पुस्तकं अशीच उडत उडत घराघरांत जातायत, आणि सगळीकडे मुलं हातांवरच्या ढगांना नावं देतायत. लंबू आला आणि म्हणाला, "अर्धाच जोकर? उरलेला घरी राहिला का?" घड्याळवालीचंही हेच म्हणणं, की मी जरा हवेतच असतो. असेन. पण हवेत असलेल्या माणसाला लांबचं दिसतं.

२६ फेब्रुवारी

काय दिवस होता! आज वाचनालयात पुस्तक निघालं. भिंगरीचा अख्खा वर्ग आला होता, बाईंसकट. प्रकाशकबाईंनी गोष्ट वाचून दाखवली, मी मागे हातवारे करत होतो, आणि शेवटी माझ्या डोक्यात आलेली युक्ती. मी रंगाची डबी काढली आणि सगळ्या मुलांना रांगेत उभं करून हातांवर पांढरे ढग काढले. अडतीस मुलं. बाईंनाही एक गालावर काढला. म्हटलं, आज आपण सगळेच ढगवाले! मुलं नाचली, फोटो निघाले, पालकांचे डोळे पाणावले. भिंगरीला मधोमध उभं केलं. तिला तर रंगाची गरजच नव्हती. ती सगळ्यांच्या हातांकडे बघत होती. भारावून गेली होती बिचारी.

मग बाई म्हणाल्या, आता हात धुऊन खाऊ खा. नळावर ही झुंबड. साबणाचा फेस, पाण्याचा सपका, दोन मिनिटांत सगळ्यांचे हात कोरे. बघतो तर भिंगरीही रांगेत. तिला कशाला जायचं होतं रांगेत कोण जाणे, तिला मी रंग लावलाच नव्हता. बराच वेळ नळाखाली हात धरून उभी होती. मागच्यांनी ढकललं तेव्हा हलली.

घरी येताना ससा-होडी काही झालं नाही. दमली होती.

४ मार्च

घरात पंखा सुरू झाला आणि आमच्या बाईसाहेब लांब बाह्यांचा स्वेटर घालून शाळेत चालल्यात. विचारलं तर "थंडी वाजते." मुलांचं काही कळत नाही. गेल्या महिन्यात खरी थंडी होती तेव्हा बंडीवर हिंडत होती.

पुस्तकाबद्दल पंधरा पत्रं आली.

६ मार्च

बुधवार. प्रयोगानंतर रंग काढत होतो. भिंगरी स्टुलावर बसून एकटक बघत होती. आधी बोटभर कोल्ड क्रीम, मग गोल गोल, गोल गोल, मग फडका, मग पुन्हा क्रीम.

"बाबा, तुझा रंग कुठे जातो?"

"फडक्यात."

"आणि फडक्यातला?"

"मोरीत."

"म्हणजे शेवटी सगळा निघतो?"

"सगळा! क्रीम चांगलं पाहिजे आणि हात गोल फिरला पाहिजे. घाई करायची नाही. घाई केली की राहतो."

तिने मान हलवली, गृहपाठ समजल्यासारखी. मला फार बरं वाटलं. पोरीला धंद्यात रस आहे. उद्या माझ्यामागे ही कला कोणीतरी चालवेल.

११ मार्च

शाळेच्या बाईंची चिठ्ठी आली. लिहितात, 'तुमची मुलगी आता आमच्या शाळेचं भूषण आहे. दुसऱ्या वर्गांतली मुलं मुद्दाम तिचे हात पाहायला येतात. मी तिला रोज प्रार्थनेनंतर उभी करते, म्हणजे सगळ्यांना नीट दिसतं.' मी ती चिठ्ठी फ्रिजवर लावली. संध्याकाळी पाहिलं तर नव्हती. वाऱ्याने पडली असेल, पण खाली कुठे सापडली नाही.

घड्याळवालीला म्हटलं, आपल्या लेकीला आता कधीच लाज वाटणार नाही.

ती म्हणाली, "आधी कधी वाटत होती?"

मी म्हटलं, नव्हती वाटत, म्हणूनच तर! मग मलाच कळेना मी काय म्हणतोय, म्हणून चहा करायला उठलो.

१५ मार्च

रंगपटातली कोल्ड क्रीमची बरणी अर्ध्यावर आली आहे. सोमवारी नवी उघडली होती. आमची एक बरणी दोन महिने पुरते. लंबू हल्ली झोपण्यापूर्वी कातडी मऊ राहावी म्हणून काहीबाही लावतो, हे मला ठाऊक आहे. तो बोलला नाही, मीही बोललो नाही. पण माझं लक्ष आहे.

१६ मार्च

बोललो. बरणीच्या तळाला बोट लागलं आणि माझा तोल गेला. म्हटलं, "अरे, मागून घ्यायचं होतंस. चोरायचं कशाला?"

लंबू आधी हसला, मग मी हसत नाही हे बघून त्याचा चेहरा पडला. तसा तो रागावला की ओरडतो. आज ओरडला नाही. "बावीस वर्षं," एवढंच म्हणाला आणि आपली खुर्ची आरशाच्या दुसऱ्या टोकाला ओढली.

भिंगरी दारात होती. तिने दप्तर खाली टाकलं आणि बाहेर पळाली. मोठी माणसं भांडली की तिला सोसत नाही.

१९ मार्च

लंबूशी अबोला. आमच्या खेळात शब्दच नाहीत, त्यामुळे प्रेक्षकांना काही कळलं नाही. उलट छत्रीवरून आमची जी ओढाताण असते ती आज अशी रंगली की टाळ्या थांबेनात. त्याने छत्री माझ्या डोक्यात खरीच मारली. पाणी मागताना आम्ही विंगेतही हातवारे करतोय. काका म्हणाले, "काय रे, खेळ संपलाय. आता तरी तोंड उघडा." कोणी उघडलं नाही.

२४ मार्च

प्रकाशकबाई आल्या होत्या, पाय जमिनीवर नव्हते. बारा एप्रिलला आमच्याच थिएटरात सगळ्या शाळांचा मेळावा, सातशे मुलं. गोष्ट होणार, सगळ्यांना ढग काढायचे, आणि शेवटी खरी ढगवाली रंगमंचावर येणार, तिच्या डोक्यावर मुकुट. जाहिरातही तयार: 'भेटा पुस्तकातल्या राणीला.' मुकुट सोबतच आणला होता, सोनेरी पुठ्ठ्याचा, वर कापसाचे ढग. मी तो स्वतः घालून आरशात पाहिला.

भिंगरीला हाक मारली. तिने मुकुटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या पोटात दुखतंय."

"रंगमंचाची भीती. माझ्याही दुखतं अजून," मी प्रकाशकबाईंना सांगितलं. त्या हसल्या. भिंगरी दिवसभर जेवली नाही. उद्या बरी होईल.

२७ मार्च

आता लिहितो ते नीट लिहिलं पाहिजे.

दोन प्रयोगांच्या मधे मी रंगपटात कपड्यांच्या मोठ्या टोपलीत अंग टाकलं होतं, नेहमीसारखं. अंगावर कुणाचा तरी झगा. स्वप्न पडत होतं, की मी आणि भिंगरी एका पांढऱ्या होडीत बसलोय आणि खाली पाणी नाही, नुसती पावडर. ती वल्ह्याने पावडर गोल गोल ढवळतेय. त्या गोल गोल आवाजानेच जाग आली. आवाज खरा होता.

आरशासमोर भिंगरी बसली होती. तिला वाटलं खोलीत कोणी नाही. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर. समोर कालच आणलेली नवी बरणी. ती मनगटावरच्या सशाला क्रीम लावत होती. गोल गोल, गोल गोल. अजिबात घाई नाही, मी शिकवलं होतं तसं. मग फडक्याने पुसलं आणि फडका उलटून दिव्याखाली धरून पाहिला. फडक्यावर काही नव्हतं. पुन्हा बोटभर क्रीम. सशाच्या कडेने कातडी लाल झाली होती, सोलवटली होती. ती तोंडातल्या तोंडात आकडे मोजत होती. एकशे बारा. एकशे तेरा.

मी टोपलीत पडून होतो. बरणी, स्वेटर, नळ, फ्रिजवरची चिठ्ठी, लंबूचा पडलेला चेहरा, सगळं एकदम अंगावर आलं. तिला मी स्वतः सांगितलं होतं, शेवटी सगळा निघतो म्हणून. मी गाढव आहे. हे पानभर लिहिलं तरी कमी.

आरशात तिला मी दिसलो. दचकली, बाह्या खाली ओढल्या, आणि आधी काय म्हणाली तर, "बाबा, क्रीम लंबूकाकाने नव्हतं घेतलं."

मी तिला घट्ट धरलं. माझ्या तोंडावर रंग होता, तिच्या केसांना लागला. "हा माझा निघतो," ती रडत म्हणाली. "सगळ्यांचा निघाला. नळावर सगळ्यांचा निघाला. माझाच राहिला."

दुसरा प्रयोग मी कसा केला मला आठवत नाही. लोक हसत होते एवढं ऐकू येत होतं.

२८ मार्च

घड्याळवालीने तिच्या हाताला मलम लावलं. बाहेर येऊन मला म्हणाली, "न्हाणीघरातला साबण संपत होता ते मला दिसत होतं. मी विचारणार होते. मग वाटलं, तू इतका खुशीत आहेस." आणि ओट्याला टेकून रडली. मी तिला रडताना फारसं पाहिलेलं नाही. आम्ही दोघंही तिथे बराच वेळ उभे होतो, दूध उतू जाईपर्यंत.

दुपारी भिंगरीच्या खाटेखाली, जमिनीवर, ती आणि मी पालथे पडलो. तिच्या सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी तिथे बोलल्या जातात.

मी म्हटलं, "माझं चुकलं. न विचारता तुला पुस्तकात घातलं."

तिने फरशीवर बोटाने एक गोल काढला. मग म्हणाली, "ती मी नाहीये."

"का गं?"

"ती काहीच करत नाही. नुसते ढग घेऊन उभी असते. आणि सगळे टाळ्या वाजवतात. कशाच्या टाळ्या? तिने काय केलं?"

चार महिने मी ते पुस्तक लिहीत होतो आणि हा प्रश्न मला पडला नव्हता.

"आणि तो पोस्टमन," ती आता कोपरावर उठली, "एक तरी पत्र वाटतो का? नुसता हसतो. आजी भांडते, पण कशावरून भांडते? कोणालाच काही काम दिलं नाहीस तू."

"ढग तरी आवडले का?" मी भीत भीत विचारलं.

"ढग आधी आवडायचे. घरी होते तेव्हा." मग गादीच्या खालच्या पट्टीकडे बघत म्हणाली, "बाबा, ढग काय नुसते दिसायला असतात? ते गडगडतात."

१ एप्रिल

लंबूकडे गेलो. दार उघडलं तर तोंड उघडायची हिंमत होईना, म्हणून मी हातवारे केले. मी, बरणी, चोर नाही तू, गाढव मी. कान ओढले, उठाबशा काढल्या. तो दाराला टेकून शांतपणे सगळा खेळ बघत राहिला. मग म्हणाला, "शेवट लांबला जरा," आणि आत घेतलं. भिंगरीचं सांगितलं तेव्हा त्याने माझा हात धरून ठेवला.

बाईंना शाळेत जाऊन भेटलो. तिला रोज उभी करू नका, म्हटलं. त्यांना खूप वाईट वाटलं, त्यांचं मन चांगलंच होतं. माझंही चांगलंच होतं.

प्रकाशकबाईंना फोन केला. मुकुट नाही, रंग नाही, राणी नाही. "जाहिरात लागलीय सगळीकडे! सातशे मुलं येतायत, त्यांना काय सांगू?" मी म्हटलं, गोष्ट सांगेन. नवी. "कोण सांगणार?" मी. "तुम्ही? तुम्ही तर बोलत नाही!" आणि फोन ठेवला.

खरंच आहे की ते. तेव्हापासून त्याचाच धसका घेतलाय.

४ एप्रिल

नवी गोष्ट भिंगरी आणि मी मिळून जुळवतोय, खाटेखालीच. गल्ली तीच, माणसं तीच. एक दिवस गल्लीत एक वादळ येतं, पण त्याचा घसा बसलेला. तोंड उघडतं, आवाजच नाही. कोपऱ्यात बसून रडतं. पोस्टमन खुर्चीवरून भरधाव जाऊन सगळ्यांना निरोप पोचवतो. जुळ्या बहिणींना हातांची भाषा येते, म्हणून वादळ काय म्हणतंय ते फक्त त्यांनाच कळतं. दोन आयांच्या मुलाला दोघींनी एकेक स्वेटर घातलेला असतो, त्यातला एक तो वादळाच्या गळ्याला गुंडाळतो. आजी तीन भाषांत वादळाला रागावते, की थंड खाल्लंस ना! आणि ढगवाली त्याला गडगडायला शिकवते, कारण ते तिला येतं.

"कसं शिकवते?" मी विचारलं.

ती माझ्याकडे नुसतं बघत राहिली. पंधरावा अर्ज होता तो, तोंडाने न केलेला. या वेळी मला ऐकू आला.

काकांना विचारलं. म्हणाले, "मी कधी नाही म्हटलं? तूच म्हणायचास लहान आहे. एक खोकं ठेवू पायाखाली." दोन वर्षं मी तिच्या उंचीची वाट बघत होतो आणि विंगेत खोक्यांचा ढीग पडलाय.

१२ एप्रिल

तिसरी घंटा झाली. तोंडाला रंग न लावता पहिल्यांदाच विंगेत उभा होतो. गालांना वारा लागत होता. भिंगरी खोक्यावर, मूठ बरोबर पोटाशी. स्वेटर तिने आपणहून काढून स्टुलावर ठेवला. मी काही विचारलं नाही तरी म्हणाली, "बाही अडकते पत्र्यात." काका तिच्या मागे उभे, पण हात मागे बांधून.

बाहेर गेलो. सातशे मुलं. पहिल्या रांगेतून एक पोरगी ओरडली, "हा जोकर नाहीये, हा नुसता माणूस आहे!" सगळे हसले. लंबू मागे वादळ झाला होता, गळ्याला स्वेटर, तोंड उघडून नुसता आ करत होता, आणि त्याने मला छत्रीने हळूच ढोसलं. मग शब्द आले. चांगले नाही आले, अडखळत आले. पण मुलं ऐकत होती. पोस्टमनने वाट काढली, आजीने झापलं, जुळ्यांनी हात हलवले. मी म्हटलं, "मग ढगवाली आली. तिने वादळाकडे पाहिलं आणि म्हणाली, असं नाही रे, असं!"

एक क्षण काहीच झालं नाही.

आणि मग पत्रा कडाडला. बावीस वर्षं तो आवाज ऐकतोय, पण असा नाही. काका सावकाश सुरू करतात. हिने एकदम आभाळच फाडलं, थांबली, श्वास घेतला असावा, आणि पुन्हा. पायाखालच्या फळ्या थरथरल्या. सातशे मुलं किंचाळली, मग हसली, मग ओरडायला लागली, "परत! परत!" लंबू खरोखर घाबरून माझ्या कडेवर चढला, जे खेळात नव्हतं. तिने परत केलं. आणखी परत. त्यांच्यातल्या कोणालाही ती दिसत नव्हती, विंगेत अंधार होता. टाळ्या पडत होत्या त्या गडगडाटाला. मी रंगमंचाच्या मधोमध उभा राहून सगळ्यांसमोर रडलो, आणि तोंडावर रंग नसल्यामुळे काही ओघळलंही नाही.

प्रकाशकबाई शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसल्या होत्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "दुसरी आवृत्ती थांबवलीय. हे लिहून द्या, महिन्याभरात. आणि मुखपृष्ठावर दोघांची नावं लागतील." त्यांचाही आवाज जरा बसला होता.

रंगपटात आलो तर आरशासमोर भिंगरी होती. कोपरापर्यंत गंज आणि तेल, काळं-तांबडं, ससाही त्यात बुडालेला, होडीही. समोर कोल्ड क्रीमची बरणी. मी दारातच थांबलो. तिने बोटभर क्रीम घेतलं, गोल गोल फिरवलं, फडक्याने पुसलं आणि फडका उलटून दिव्याखाली धरला. काळाकुट्ट झाला होता.

"निघालं," ती म्हणाली.

मग दुसरा हात. घाई नाही. खालून तिची कातडी वर आली, गव्हाळ, आणि तिच्यात ढग, होते तिथेच. तिने दोन्ही हात दिव्यांपुढे धरून मागून-पुढून पाहिले, कुठे गंज राहिला नाही ना म्हणून. मग बरणीचं झाकण लावलं, घट्ट, आणि माझ्याकडे सरकवली.

"घे बाबा. माझं झालं."